उशिरा सापडलेला समुद्र

१८५३ सालच्या एप्रिल महिन्याच्या १६ तारखेस बोरीबंदराहून सुटलेली आगगाडी ५७ मिनिटांत ठाण्यास पोहोचली, ही हकीकत आपल्या भागातील शाळकरी पोरासही तोंडपाठ असते. परंतु त्या दिवशी गाडीने तोडलेले अंतर २१ मैलांचे होते, आणि इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील इंग्लिश खाडी जेथे सर्वांत अरुंद आहे तेथे तिची रुंदीही जवळजवळ २१ मैलच भरते, हा योगायोग माझ्या ध्यानात आला तेव्हा मी धीम्या लोकलच्या दारात, एका हातास पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या हातास खाडी अशा स्थितीत, मुंब्रा व कळवा यांच्यामध्ये कोठेतरी लोंबकळत होतो. माझे वय त्या वेळी ४८ होते आणि पोहण्याचे वेड लागून जेमतेम वर्ष झाले होते. असले हिशेब माणूस वेड लागल्याखेरीज करीत नाही.

पोहणे मला नवे नव्हते असे म्हणता येईल, आणि नवेच होते असेही म्हणता येईल. आमच्या पिढीतील पुष्कळांप्रमाणे मीही आजोळच्या विहिरीत, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून आणि मामाच्या एका धक्क्याचा प्रसाद घेऊन पोहावयास शिकलो होतो. उन्हाळ्याच्या सुटीत मुटके मारण्यापलीकडे त्या विद्येचा काही उपयोग असतो अशी शंकाही कोणास आली नाही, आणि पुढे डोंबिवलीत बिऱ्हाड केले, मुंबईच्या एका सरकारी कचेरीत रुजू झालो, तेव्हापासून तीस वर्षे अंघोळीच्या बादलीखेरीज पाण्याशी माझा संबंध राहिला नाही. पाठीच्या मणक्याने तक्रार सुरू केली तेव्हा डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर पोहणेही लिहून दिले. मग रीतसर अर्ज, दोन छायाचित्रे, प्रकृती ठीक असल्याचा दाखला आणि तीन महिन्यांची आगाऊ फी असा सारा जामानिमा करून मी सार्वजनिक तलावाच्या सकाळच्या बॅचमध्ये दाखल झालो. पहिल्या दिवशी २५ मीटरची एक फेरी संपविताना मला अशी धाप लागली की शेजारच्या लेनमधील एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीने पोहणे थांबवून, "काका, तुम्ही बरे आहात ना?" अशी विचारपूस केली. मी बरा होतो. केवळ लज्जित होतो.

सहा महिन्यांनी तोच मी न थांबता ४० फेऱ्या, म्हणजे एक किलोमीटर, पोहू लागलो. यात पराक्रम काही नाही; वल्ह्याच्या गतीने हात चालविणे आणि श्वास पाण्यात सोडून हवेत घेणे या दोन गोष्टी एकदा जमल्या की उरलेला भाग केवळ चिकाटीचा असतो, आणि चिकाटी ही कारकुनास फुकट मिळालेली देणगी आहे. नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. तलावात दर २५ मीटरना भिंत येते; ती हातास लागते, अंग वळते, क्षणभर पायाला आधार मिळतो, आणि पोहणाऱ्याची नकळत अशी धारणा होते की पाण्याला शेवट असतो. मला ती भिंत नकोशी वाटू लागली. ऐन लयीत असताना कोणी दार वाजवावे तसे ते व्हावयाचे. समुद्राचा विचार माझ्या मनात शिरला तो या भिंतीच्या कंटाळ्यातून. धाडसाची हौस मला पूर्वीही नव्हती आणि आजही नाही.

मुंबई बंदराच्या दक्षिणेस संक रॉक नावाचे दीपगृह आहे. तेथून गेटवे ऑफ इंडियापर्यंतचे अंतर पाच किलोमीटर, आणि आपल्याकडील बहुतेक सागरी जलतरणपटूंची पहिली कसोटी हीच. तेथे तावून सुलाखून निघाल्यावर घारापुरी ते गेटवे हा १४ किलोमीटरांचा आणि मग धरमतर ते गेटवे हा सुमारे ३६ किलोमीटरांचा पल्ला येतो. मॅरेथॉन जलतरण म्हणावयाचे ते १० किलोमीटर व त्याहून अधिक अंतराला. म्हणजे माझी मजल त्याच्या उंबरठ्यापर्यंतही नव्हती. तरीही पहाटेच्या पहिल्या लोकलने डोंबिवलीहून निघून, अंगास व्हॅसलिन चोपडून, होडीतून त्या दीपगृहाच्या सावलीत मी पाण्यात उतरलो, तेव्हा तळ न दिसणाऱ्या त्या हिरवट-काळ्या पाण्याकडे पाहून माझी बोबडी वळली हे कबूल करणे भाग आहे. तलावाच्या तळाशी काळी रेघ असते, तिच्यावर दृष्टी ठेवून माणूस सरळ पोहतो. येथे रेघ नव्हती, आणि दर दहा-बारा हातांनी मान वर काढून पाहिले की गेटवे आधीपेक्षा भलत्याच दिशेला सरकलेला दिसे. मी नागमोडी पोहत राहिलो. मधल्या काळात भरती संपली आणि ओहोटी लागली. होडीवरचे कोळी तांडेल बराच वेळ काही बोलले नाहीत, शेवटी वाकून म्हणाले, "काका, पानी फिरला. आता वर या." होडीला हात लागला की शर्यत संपते. पहिल्या वर्षी मी गेटवेला पोहोचलो तो होडीत बसून.

त्या परतीच्या अर्ध्या तासात तांडेलांनी मला जे शिकविले ते तलावाच्या काठावर कोणी शिकविले नव्हते. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग यांत पाण्याच्या ओढीचा केवढा फरक पडतो. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते ती कशी. आणि धरमतरचे पोहणारे बहुधा रात्री-अपरात्री पाण्यात उतरतात ते हौसेने नव्हे, तर ओहोटीबरोबर अंबा नदीच्या खाडीतून बाहेर पडावे आणि मुंबईच्या बंदरात शिरताना भरतीचा हात पाठीवर असावा म्हणून. लांब पल्ल्याचे पोहणे एकट्याचे असते ही समजूत होडीत बसल्यावर फार काळ टिकत नाही. १९५९ साली आरती साहा यांचा इंग्लिश खाडीचा पहिला प्रयत्न ऑगस्ट महिन्यात फसला, त्यास त्यांचे हात-पाय कारण झाले नव्हते. वाटाड्याची होडी उशिरा आली, प्रवाहाची वेळ चुकली, आणि इंग्लंडचा किनारा काही मैलांवर असताना त्यांना पाण्याबाहेर यावे लागले. २९ सप्टेंबरला त्या पुन्हा उतरल्या आणि १६ तास २० मिनिटांत पार झाल्या. इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली आशियाई स्त्री म्हणून त्यांचे नाव नोंदले गेले ते या दुसऱ्या खेपेस.

दुसऱ्या वर्षी मीही पोहोचलो. किती वेळात, ते सांगण्याजोगे नाही.

माझ्या या क्षुद्र यशाची हकीकत येथवर लिहिली ती स्वतःची टिमकी वाजविण्यासाठी नव्हे. गेटवेच्या पायऱ्यांवर ओला उभा असताना मी जे दृश्य पाहिले, आणि नंतर वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांतून वाचत आलो, त्याविषयी मला एक मत मांडावयाचे आहे व ते थोडे अप्रिय आहे. हार, ढोल, पेढे आणि छायाचित्रकार यांचा घोळका माझ्यासाठी नव्हता, आणि असण्याचे कारणही नव्हते. तो होता सात-आठ वर्षांच्या एका बालकासाठी. त्याचे ओठ निळे पडले होते, आणि 'सर्वांत लहान' हे विशेषण लाभावे म्हणून त्याच्या जन्मतारखेचा हिशेब त्याचे वडील मोठ्या आवाजात कोणास तरी समजावून देत होते. ते बालक मात्र कोणाकडेच पाहत नव्हते.

आपण मराठी माणसांनी समुद्रात पोहण्याची कल्पना जोपासली ती मुळातच पराक्रमाच्या रूपाने. १९१० सालच्या जुलैमधील सावरकरांच्या मार्सेलिसच्या उडीची कथा ऐकत आपल्यातील कित्येक पिढ्या मोठ्या झाल्या. गुजरातेत चोरवाडपासून वेरावळपर्यंत होणाऱ्या सागरी स्पर्धेसही सावरकरांचेच नाव दिलेले आहे. त्या उडीचे मोल पोहण्याच्या अंतरात नव्हते, हे सर्वांस माहीत आहे. तरी समुद्र म्हणजे जिंकावयाचा शत्रू आणि पोहणारा म्हणजे वीर, ही सांगड आपल्या मनात पक्की बसली, आणि वीर जितका लहान तितकी कथा रोमहर्षक, हा त्याचा सोयीस्कर उपसिद्धांत झाला. गाणे, चित्रकला, गिर्यारोहण यांप्रमाणे समुद्र हाही एखाद्याचा शौक असू शकतो, तो चाळिशीत जडू शकतो आणि आयुष्यभर पुरू शकतो, हे आपल्या खिजगणतीतच नाही.

वस्तुतः या विद्येचा इतिहास उशिरा जागे झालेल्यांच्या बाजूने साक्ष देतो. इंग्लिश खाडी पार करणारे पहिले भारतीय मिहिर सेन हे काही बालपणापासून घडविलेले जलतरणपटू नव्हते. बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेलेला हा तरुण फ्लोरेन्स चॅडविक या अमेरिकन बाईंचा वृत्तांत वाचून पेटला, मोठेपणी धड पोहावयास शिकला, एकाहून अधिक वेळा हार खाऊन परत आला, आणि १९५८ च्या सप्टेंबरात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षात, १४ तास ४५ मिनिटांत पलीकडे पोहोचला. पुढे १९६६ या एका वर्षात त्यांनी पाल्कची सामुद्रधुनी, जिब्राल्टर, दार्दानेल्स, बॉस्फोरस आणि पनामाचा कालवा एवढे सारे पाणी पालथे घातले. मुंबईचे तारानाथ शेणॉय यांना ऐकू येत नसे व दृष्टीही अधू होती. होडीवरून मारलेली हाक त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गच नव्हता, तरी ऐंशीच्या दशकात त्यांनी इंग्लिश खाडी तीन वेळा पार केली. २०१४ साली ऑटो थॅनिंग नावाचे केप टाउनचे हृदयशल्यचिकित्सक वयाच्या ७३ व्या वर्षी त्याच खाडीतून पोहून गेले. शंभर मीटरच्या शर्यतीत ७३ वर्षांच्या माणसाने काय करावे? तेथे तारुण्यच हवे. लांब पल्ल्याच्या पाण्यात मात्र वेगापेक्षा धिमेपणा, आणि स्नायूंपेक्षा कंटाळा पचविण्याची शक्ती अधिक उपयोगी पडते. आणि ही संपत्ती वयाबरोबर घटत नाही, वाढते.

लहान मुलांनी समुद्रात उतरूच नये असे मी म्हणत नाही. रूपाली रेपाळे यांनी १९९४ साली, बालवयातच, इंग्लिश खाडी पार केली, आणि त्यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. परंतु अपवादाचे कौतुक करावे, त्याचा शिरस्ता करू नये. १९८८ साली टॉमस ग्रेगरी नावाचा इंग्रज मुलगा १२ वर्षे पुरी होण्यापूर्वीच ती खाडी पोहून गेला; त्याचा उच्चांक आज कोणी मोडू शकणार नाही, कारण खाडीवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थांनी आता १६ वर्षांखालील पोहणाऱ्यास परवानगी देण्याचेच बंद केले आहे. आंतरराष्ट्रीय जलक्रीडा महासंघाच्या खुल्या पाण्यातील शर्यतींस १४ वर्षांची अट आहे. ज्यांनी हा खेळ दीडशे वर्षे जवळून पाहिला, १८७५ मध्ये कॅप्टन मॅथ्यू वेब २१ तास ४५ मिनिटे पोहून पलीकडे गेला तेव्हापासूनचा ज्यांच्याजवळ दाखला आहे, त्यांनी ही मर्यादा उगाच घातली नसावी. थंड पाण्यात लहान शरीर मोठ्यापेक्षा लवकर निवते, हे उघड आहे. आपल्या समुद्राचा धोका तर उलट्या अंगाचा. २०१० साली फुजैराच्या उबदार समुद्रात १० किलोमीटरच्या शर्यतीत फ्रान क्रिपेन हा २६ वर्षांचा निष्णात अमेरिकन जलतरणपटू मरण पावला, आणि त्यानंतर अशा शर्यतींसाठी पाण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा ३१ अंश ठरविली गेली. उन्हाळ्यात आपले बंदर या मर्यादेच्या किती जवळ जाते, हे त्या पाण्यात तासभर पोहलेल्या कोणासही विचारावे. जो निष्णात होता, ज्यास स्वतःच्या शरीराची खूण ओळखता येत होती, त्यास जर थांबावे केव्हा हे कळले नाही, तर वडील होडीवर उभे राहून 'शाबास, अजून थोडे' म्हणत असताना आठ वर्षांच्या मुलाने थांबावे कसे?

प्रशिक्षकांचा यावर युक्तिवाद असतो की लहानपणी पाण्याची भीती गेली नाही तर पुढे जात नाही. भीती जावी, हे मान्य. त्यासाठी तलाव आहेत, आणि ठाण्याच्या मारोतराव शिंदे तरणतलावासारख्या सार्वजनिक तलावांतून आपल्या शहरांनी चांगले सागरी जलतरणपटू दिलेही आहेत. रोहन मोरे पुण्याचे. त्या शहरास समुद्र नाही, तरी जगातील सात सामुद्रधुन्या पार करणारे पहिले आशियाई होण्याचा मान २०१८ मध्ये त्यांनीच मिळविला. २०२३ साली त्याच साती सामुद्रधुन्या पुऱ्या करणारा प्रभात कोळी जगात सर्वांत तरुण ठरला, आणि त्याचे वय तेव्हा २३ होते. आठ नव्हे, तेवीस. नकाराची मुभा असलेल्या वयात समुद्राला होकार देणे, यालाच मी आवड समजतो.

मला खरी खंत आहे ती दुसऱ्या टोकाची. आमच्या सकाळच्या बॅचमध्ये चाळिशी-पन्नाशीची माणसे येतात ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, आणि पाठ बरी झाली की अर्ज नूतन न करता नाहीशी होतात. दुपारच्या महिलांच्या बॅचमध्ये एक शिक्षिका आहेत, साडेचार दशके पाण्याला शिवल्या नव्हत्या, आज सलग दोन किलोमीटर पोहतात, आणि समुद्राचे नाव काढले की प्रथम हसतात व मग, "माझ्या वयाला शोभेल का हो?" असे विचारतात. मालवणला चिवल्याच्या किनाऱ्यावर दर हिवाळ्यात राज्यस्तरीय सागरी स्पर्धा होते आणि तीत प्रौढांचेही गट असतात, ही गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा त्यांना ती खरी वाटेना. शोभण्याचा प्रश्न कोणी आठ वर्षांच्या मुलाबद्दल विचारीत नाही, पन्नाशीच्या बाईला मात्र तो स्वतःलाच विचारावा लागतो.

एक गोष्ट वाटेवरची म्हणून सांगतो. ज्या कल्याणच्या खाडीत, दुर्गाडीच्या पायथ्याशी, शिवाजी महाराजांनी आरमाराची पहिली गलबते बांधविली, ज्या उल्हासच्या पात्रालगत डोंबिवली वसली, आणि ज्या ठाण्याच्या खाडीला रोहित पक्ष्यांमुळे २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा लाभला, त्या पाण्याच्या काठी लाखो माणसे राहतात आणि पोहण्यासाठी ५० किलोमीटर दूर मुंबईस जातात. काठावरची वडीलधारी माणसे या खाडीत पोहल्याच्या गोष्टी सांगतात. आज मी स्वतः तीत उतरणार नाही आणि कोणास उतरू देणार नाही, कारण कारखान्यांचे व गटारांचे पाणी तीत काय काय मिसळते हे हरित लवादापुढील कज्ज्यांमुळे आता दप्तरी दाखल झाले आहे. शिवाय रेती उपसून झालेले डोह कोणास दिसत नाहीत. रोहितांना तो चिखल मानवतो म्हणून माणसांनाही मानवेल असे नव्हे. शुद्धीकरणाच्या योजना वर्षानुवर्षे ऐकू येतात. त्या पुऱ्या होईपर्यंत आमची पिढी गेलेली असेल.

तोवर निदान तलावांचा प्रश्न सुटण्याजोगा आहे, आणि त्यासाठी निविदा काढण्याची गरज नाही. पहाटे पाच ते सहा या वेळात, शिकाऊ मुलांची गर्दी सुरू होण्यापूर्वी, प्रत्येक सार्वजनिक तलावात एक लेन लांब अंतर पोहणाऱ्या प्रौढांसाठी राखून ठेवावी. तेथे कोणी शिट्टी मारू नये, वेळ मोजू नये, आणि पाऊण तास झाला म्हणून बाहेर काढू नये. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांच्या आयुक्तांच्या एका हुकुमाने हे होईल. आणि पालकांस माझी एवढीच विनंती आहे: येत्या सुटीत मुलांना पोहावयास जरूर घाला, त्यांना विहिरीची, तलावाची, पावसाळ्यातल्या ओढ्याची ओळख होऊ द्या, मात्र काचेमागे बाकावर बसून त्यांच्या फेऱ्या मोजण्यापेक्षा त्याच खिडकीवर आणखी एक अर्ज मागून घ्या, आणि तो स्वतःच्या नावाने भरा.